ट्रॉली बंद आहे

"ट्रॉली आज बंद आहे," दिघेसाहेब म्हणाले. "दोर बदलायचाय. पण खरं सांगू का मास्तर, चढून जाण्यात जी मजा आहे ती ट्रॉलीत नाही. डोंगर पायांनी बघावा."

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वर केली. मीही केली. वीजघराच्या पाठीमागे सह्याद्रीची भिंत सरळ आभाळात गेलेली. तिच्या अंगावरून माणूस आत उभा राहील एवढाले काळे लोखंडी नळ शेजारीशेजारी खाली उतरलेले. वरच्या तळ्याचं पाणी या नळांतून खाली कोसळायचं आणि वीजघरातली चाकं फिरवायचं. नळांच्या कडेने दगडी पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांना लागून ट्रॉलीचे रूळ. रुळांच्या मधून लोखंडी दोर वर गेलेला, तेल लावून चकचकीत ठेवलेला. मला तेव्हा दोरातलं काय कळत होतं म्हणा!

"चला की," नाना म्हणाले. "आम्हाला पायऱ्यांची काय भीती घालता साहेब? हुतूतूच्या मैदानात गेलंय आमचं तरुणपण."

मी मागून त्यांच्या कोटाची बाही ओढली.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून घोळ नको. मी पेणच्या टिपणीस मास्तरांची मालन. वय सत्तावीस, आणि त्या काळात सत्तावीस म्हणजे लोक आईबापांकडे बघून हळहळायचे. माझी आई धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेली, तेव्हा हळहळ सगळी नानांच्या वाट्याला. तीन ठिकाणी मला दाखवून झालं होतं आणि तिन्हीकडून नकार. कारण कुणी तोंडावर सांगत नसे, पण आम्हाला ठाऊक होतं. टिपणिसांची छाती कच्ची, असा आमच्या ज्ञातीत बभ्रा होता. आजोबा झोपाळ्यावर बसल्या बसल्या गेले. काका भर चाळिशीत एसटी स्टँडवर कोसळले. दोन माणसं काय मेली, लोकांनी सगळं घराणंच स्मशानात पोचवलं.

आता खरी गंमत ऐका. नानांनाही गेल्या पावसाळ्यापासून छातीत कळ येत होती. अलिबागच्या डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, जिने चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. नानांनी त्या गोळ्या तपकिरीच्या डबीत भरल्या. तपकीर ओढायचं नाटक करायचे आणि गोळी जिभेखाली सारायचे. मला म्हणाले, "मालू, हे घराबाहेर गेलं तर तू लग्न विसर." त्यामुळे जगात ही गोष्ट ठाऊक असलेली आम्ही दोघंच, आणि तिसरा तो डॉक्टर.

अशात दिघ्यांचं स्थळ आलं. चौबळ नावाचे मध्यस्थ होते, त्यांनी आणलेलं. दिघेसाहेब वीजघराचे मोठे इंजिनियर, डोंगराच्या पायथ्याशी कंपनीचा बंगला, एकुलता एक मुलगा निरंजन तिथेच हिशेब खात्यात. आणि निरोप काय, तर दाखवणं-बिखवणं, पोहे-बिहे असलं आम्ही मानत नाही. मुलीला घेऊन या, वीजघर बघा, नळ बघा, वरचं तळं बघा. मुलं मोकळेपणाने बोलतील. नाना खूशच झाले. "बघ, सुधारलेली माणसं," म्हणाले. मलाही बरं वाटलं. चहाचा ट्रे धरून मान खाली घालायची नाही, एवढंच मला पुरेसं होतं.

सकाळी बंगल्यावर पोचलो तेव्हा निरंजन व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होता. गोरा, नाकेला, हसरा. उजव्या घोट्याला पट्टी बांधलेली, पाय स्टुलावर. "बॅडमिंटन खेळताना मुरगळला," त्याची आई म्हणाली. तिला सगळे माई म्हणत. त्याने बसूनच नमस्कार केला. त्याची नखं निळसर दिसली. हिशेबाचं काम, शाई लागली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मुलगा आवडला की बाई किती झटकन शाई लावून मोकळी होते बघा.

मग साहेबांनी वीजघर दाखवलं. माणूस वाईट होता, पण आपल्या कामावर त्याचा जीव होता, हे कबूल केलं पाहिजे. त्या घरघरणाऱ्या यंत्रांच्या पाठीवर तो थाप मारायचा. कुठल्या नळाला कधी गळती लागली, कुठली झडप कुठल्या पावसात अडकली, सगळं तोंडपाठ. नाना भूगोलाचे मास्तर. सह्याद्री, घाटमाथा, पाणलोट हे त्यांनी जन्मभर फळ्यावर काढलेलं. ते लहान पोरासारखे प्रश्न विचारत होते. मला वाटलं, इथेच संपू दे. इथूनच घरी जाऊ. तेवढ्यात ते ट्रॉलीचं वाक्य आलं.

मी नानांना बाजूला घेतलं. "नाना, तुम्ही खाली थांबा. मी जाऊन येते."

"आणि मी काय सांगू? म्हातारा झालो?"

"पाय दुखतोय म्हणा."

"मुलाचा पाय दुखतोय, सासऱ्याचाही दुखतोय, हे काय हॉस्पिटल आहे?" त्यांनी तपकिरीची डबी खिशात चाचपली. "तू पुढे बघून चाल. मागे माझ्याकडे सारखी वळून बघू नकोस. लोकांच्या लक्षात येतं."

माई आणि निरंजन बंगल्यावरच राहिले. आम्ही तिघं निघालो. पुढे साहेब, मध्ये मी, मागे नाना. पायऱ्या उंच होत्या, कोकणातल्या देवळाच्या असतात तशा नाहीत. मजुरांसाठी घातलेल्या, एकेक गुडघ्याएवढी. साहेब पन्नाशी ओलांडलेले, पण रोजची सवय. हातात काठीसुद्धा नाही. थोडं चढायचे, थांबायचे, नळावर हात ठेवून काहीतरी सांगायचे, आणि आम्ही पोचलो की लगेच पुढे. म्हणजे विश्रांती त्यांना मिळायची, आम्हाला नाही.

नळ जिथे डोंगराला जखडले होते तिथे काँक्रीटचे मोठाले ठोकळे होते. पहिल्या ठोकळ्यापाशी साहेब थांबले. "हा शेवटचा नळ माझ्या देखत घातला. मजुरांची भरती कशी करायचो ठाऊक आहे? खालून इथपर्यंत पळत यायचं, आणि पोचल्यावर न थांबता सगळं सांगायचं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, घरात माणसं किती, बैलांची नावं काय. ज्याचा शब्द मध्येच तुटला तो घरी. डॉक्टर नको, यंत्र नको. चढताना बोलता आलं की माणूस निरोगी."

"बिचारे," मी म्हणाले.

"बिचारे कसले? वर जाऊन छाती फुटून मेला तर निस्तरायचं कुणी? मीच ना?" ते हसले. "चला. बरं मास्तर, तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?"

"नागोठण्या... जवळ."

"आणि वडील काय करायचे?"

"तलाठी... होते."

"कशाने गेले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.  मी पटकन म्हणाले, "म्हातारपणाने गेले. साहेब, हे पलीकडे धबधब्यासारखं काय आहे?"

"तुला नाही विचारलं, मुली. मास्तरांना विचारलं." आवाज गोडच. "आणि भाऊ होते ना तुमचे? ते कशाने?"

"अपघात... एसटीचा," नाना म्हणाले. त्यांनी दोन शब्दांच्या मध्ये खोकल्याचं सोंग घेतलं. दम लपवायला खोकला! माझा बाप एरवी एका श्वासात वर्गाला झापायचा, आणि तो माणूस खोकून खोकून शब्द जोडत होता. मला रडू येत होतं, आणि रडले तर माझाच श्वास तुटेल म्हणून रडताही येत नव्हतं.

पुढच्या टप्प्यावर मी वळून बघितलं. नकोच बघायला होतं. नानांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि थंडीचे दिवस असून कपाळावरून घाम ओघळत होता. डाव्या हाताची मूठ त्यांनी कोटाच्या खिशात कोंबली होती. मी ठरवलं, खड्ड्यात गेलं लग्न. मी पायरीवर बसकण मारली.

"साहेब, मला दम लागला. माझ्याच्याने पुढे होत नाही. आपण खाली जाऊ."

साहेब थांबले. तडा गेलेल्या नळाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. "इथेच दम लागला? एवढ्यात?"

"हो. मला नेहमीच लागतो."

"खोटं बोलतेय!" नाना खालून ओरडले. एवढा दम त्यांनी कुठून आणला देव जाणे. "साहेब, हिच्याकडे लक्ष देऊ नका. लाजतेय. घरी रोज विहिरीवरून पाणी आणते ही. ऊठ, मालू. नाटकं पुरे."

"नाना, मला खरंच..."

"ऊठ म्हणतो ना! माझी शपथ आहे तुला."

ते माझ्याजवळ आले, दंड धरून मला उभं केलं, आणि माझ्या पुढे जाऊन चढायला लागले. माझ्या पुढे! मी मागून त्यांच्या धोतराचा काठ बघत चढले. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला. माझ्यासाठी माझा बाप जीव मुठीत धरून चढतोय, असं वाटून मला स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी घातलेली शपथ मोडायची माझी छाती झाली नाही.

कसेबसे वर पोचलो. वर एक दगडी घर होतं, झडपांचं. नळात पाणी सोडायचं की नाही ते तिथून ठरायचं. पलीकडे तळं. चहूबाजूंनी कडे आणि मध्ये हिरवं, गप्प पाणी. फार सुंदर होतं, पण मला ते बघवलं नाही. नाना ओट्यावर बसले. "वा," म्हणाले, "काय... पाणी आहे." आणि तपकिरीची डबी काढून तोंडाकडे नेली.

"तपकीर तोंडात?" साहेबांनी विचारलं.

"दाढ दुखते त्यांची," मी म्हणाले.

"असं होय. बघू हात, मुली." त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं रेषा बघतात. त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. चांगलं पुरेसं बघून झाल्यावर हात सोडला. "उत्तम," म्हणाले. "दम-बिम काही लागलेला नाही तुला. उगाच बापाची काळजी."

मी हात मागे घेऊन पदराला पुसला. तेवढ्यात झडपांच्या घरामागून खाकी शर्टातला एक माणूस पुढे आला आणि सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, केव्हापासून इंजिन गरम करून ठेवलंय. धाकट्या साहेबांना आणू का वर?"

"आण, बाळकू."

ट्रॉली ओढायचं यंत्र सुरू झालं. रुळांमधला दोर थरथरला आणि झरझर वर यायला लागला. काहीही बदलायचं नव्हतं त्या दोराचं. आम्ही बघत उभे राहिलो, आणि थोड्या वेळाने लाकडी बाकांची ती उघडी गाडी डोंगराच्या कडेवरून वर आली. बाकावर निरंजन बसलेला, केस नीट विंचरलेले. तो उतरला आणि चालत आमच्याकडे आला. घोट्याला पट्टी नव्हती. पाय अगदी धड होता.

"पाय बरा झाला वाटतं?" मी विचारलं.

तो ओशाळला. वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पायाला काही नव्हतं. मला चढता येत नाही. लहानपणी सांधेताप झाला होता, तेव्हापासून हृदयाची झडप खराब आहे."

"आता मी सांगणारच होतो," साहेब म्हणाले. "झडपेचं काय, जपून वापरली की वर्षानुवर्षं चालते. त्याला जपणारं माणूस हवं. खंबीर, धडधाकट. उद्या त्याला उचलून गाडीत घालायची वेळ आली तर घालेल अशी. नाजूक पोरी मला शंभर मिळतील, काय करायच्यात? म्हणून चढवून बघतो. तू चांगली चढलीस."

मी नानांकडे वळले. मला वाटलं, आता नाना उठतील, या माणसाच्या तोंडावर दोन शब्द फेकतील आणि आपण निघू. नाना उठले नाहीत. ते ओट्यावर कलले होते. डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला, ओठ पांढरे.

"नाना!"

"काही... नाही."

मी त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडली. अंग थंडगार, ओलं. "साहेब, यांना खाली न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता. ट्रॉलीत झोपवू."

साहेबांनी हातांची घडी घातली. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. पहिल्या ठोकळ्यापासून त्यांना सगळं कळलं होतं, हे मला तेव्हा समजलं. "कंपनीचा नियम आहे, मालन. ट्रॉली कामगारांसाठी आणि आमच्या घरच्या माणसांसाठी. बाहेरच्या माणसाला बसवलं आणि काही झालं, तर बाळकूची नोकरी जाईल."

"माणूस मरतोय इथे!"

"तेच म्हणतोय. घरचं माणूस असेल तर प्रश्नच नाही. व्याही म्हणजे घरचेच." मग अगदी शांतपणे म्हणाले, "मास्तरांच्या छातीचं मी मनावर घेत नाही बघ. तुझी छाती मी तपासली आहे. बोल, तुझं काय म्हणणं?"

बाळकू जमिनीकडे बघत होता. निरंजन "बाबा" एवढंच म्हणाला आणि थांबला. पुढे काही बोलेल म्हणून मी थोडी वाट बघितली. तो बोलला नाही.

"हो," मी म्हणाले.

"काय हो?"

"मला स्थळ पसंत आहे."

"वा! बाळकू, मास्तरांना धर. सांभाळून, व्याही आहेत आमचे."

नानांना बाकावर आडवं केलं. त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं. पुढच्या बाकावर निरंजन आमच्याकडे पाठ करून बसला. साहेब वरच राहिले. गाडी नीट खाली पोचते की नाही ते बघायला. ट्रॉली हलली. पायांखाली सगळी दरी उघडी पडली, नळ आमच्या सोबत खाली धावायला लागले, आणि गंमत बघा, आम्ही जिथे जीव काढत चढलो ते ठोकळे एकामागून एक झटझट मागे गेले. किती सोपं होतं ते! मी नानांच्या कपाळावरचा घाम पुसत होते. "झालं नाना, पोचतोच आपण. तुम्ही बोलू नका. खाली गेल्यावर मी बघते काय करायचं ते. तुम्हाला फसवलं यांनी."

नानांनी डोळे उघडले. गोळीने जरा उतार पडला असावा. चेहऱ्यावर समाधान होतं.

"जमलं ना?" त्यांनी विचारलं.

"नाना, तुम्ही ऐकलंत ना? मुलाला..."

"ठाऊक होतं मला."

मला नीटसं कळलंच नाही. "काय ठाऊक होतं?"

"मुलाचं. चौबळांनी... आधीच सांगितलेलं." थांबत थांबत बोलत होते, पण आता दम लपवत नव्हते. "म्हणून तर वाटलं, इथे जमेल. त्यांना धट्टीकट्टी हवी. आपण कच्चे निघालो असतो तर... तेही गेलं असतं हातचं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू आली नसतीस. मालू, तीन नकार झाले. चौथा मला सोसला नसता. लोक मला विचारतात गं. विधवा झालीस तर झालीस, पण लग्न झालेली तर होशील! आणि कंपनी बायकोला नोकरी देते मागाहून. मी चौकशी केली आहे."

पुढच्या बाकावरून निरंजन मागे न वळता म्हणाला, "बाबांनीच चौबळांना सांगितलं होतं, वडिलांच्या कानावर घाला. मुलीला मात्र आधी कळू देऊ नका."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्याला ठाऊक, खालच्यांना ठाऊक, मांडीवरच्याला ठाऊक. एकटी मी तेवढी बापासाठी जीव टाकत चढले होते. नानांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते तसंच रुळांवर ढकलून द्यावं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं. हात मात्र घाम पुसत राहिला. हाताला उशिरा कळतं.

खाली कंपनीचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, चटपटीत माणूस. त्याने नानांना इंजेक्शन दिलं, नळी लावली, आणि म्हणाला, "अलिबागला हलवायला हवं. गाडी मी काढतो. दवाखान्याची गाडी माझ्या हुकमावर निघते, कुणाला विचारावं लागत नाही." हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. मला त्या दिवसातलं तेच एक वाक्य कामाचं मिळालं.

नानांना गाडीत चढवलं. ड्रायव्हर बसला. मीही चढणार एवढ्यात माई वाटीत साखर घेऊन धावत आली, मागून साहेब. ते ट्रॉलीच्या पुढच्या फेरीने उतरले होते, तेव्हा घामाचा थेंब नाही. "थांब गं," माई म्हणाली, "तोंड गोड करून जा. आजारपण काय, होतंच असतं. शुभ गोष्ट अशी कोरडी जाऊ नये." आणि चिमूटभर साखर माझ्या ओठांशी धरली.

मी तोंड मिटून घेतलं. तिची चिमूट तशीच राहिली.

"मला स्थळ पसंत नाही," मी म्हणाले.

"वर तर हो म्हणालीस!" साहेब म्हणाले.

"वर ट्रॉली तुमची होती. खाली गाडी डॉक्टरांची आहे."

साहेबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. निरंजन दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही चांगल्या आहात."

"मीपण तुमच्याबद्दल तसंच वाटून घेतलं होतं," मी म्हणाले. "पण वर तुमच्या तोंडून 'बाबा' याच्यापुढे शब्द फुटला नाही." आणि गाडीत चढले. त्याला लागलं असणार. लागू दे, म्हटलं. मलाही लागलं होतं.

गाडीत नानांनी सगळं ऐकलं होतं. पेणपर्यंत, आणि पुढे अलिबागपर्यंत, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

नाना वाचले. चांगली बरीच वर्षं जगले. तिन्ही त्रिकाळ माझ्या हातचं जेवले, माझ्या हातून औषध घेतलं, आणि माझ्याशी सरळ एक शब्द बोलले नाहीत. मीठ कमी असलं तर भिंतीला सांगायचे. पाहुणे आले की म्हणायचे, "मी हिच्यासाठी डोंगर चढलो. हिने मला लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही." पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी चहा ठेवायला आत जायची. चौथा नकार मुलीकडून गेला होता, त्यामुळे पाचवं स्थळ आलंच नाही. मी शाळेत नोकरी धरली, भावाचं शिक्षण केलं, त्याचं लग्न केलं. रडतकढत नाही, चांगली हसूनखेळून जगले. पण जिना चढताना कुणी मागून प्रश्न विचारला तर मी आजही उत्तर देत नाही, वर पोचून देते.

गेल्या वर्षी रोह्याला एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारी एक बाई येऊन बसली. माझ्याहून थोडी लहान, कपाळ मोकळं, बांधा मजबूत. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही पेणच्या टिपणीस ना? मी वसुधा दिघे. वीजघराच्या दिघ्यांची सून."

माझा घास हातातच राहिला.

"आमच्या सासऱ्यांच्या तोंडी तुमचं नाव फार. म्हणायचे, पेणची पोरगी तुझ्याहून भरभर चढली होती." ती हसली. "मी चढले त्या वर्षी फार ऊन होतं हो."

"तुमच्या वेळीही दोर बदलायचा होता?"

"हो तर! आणि पायाला पट्टी. पट्टी कशाची ते मला लग्नानंतर कळलं. सहा वर्षं काढली त्यांनी. दोनदा मी त्यांना पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आणलं. मग कंपनीने मला नोकरी दिली." तिने वरणभात कालवला. रागाने नाही, दुःखाने नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होती. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. मी म्हणाले, "फार सोसलंत हो तुम्ही."

"सोसावं लागतं. ते जाऊ दे." ती माझ्याजवळ सरकली. "ती निळ्या साडीतली तुमच्या भावाची मुलगी ना? पूर्वा? छान आहे. उंच आहे. माझा मुलगा आता तिथेच इंजिनियर आहे. ठणठणीत हो, बापासारखं काही नाही त्याला. पण घरात येणारी मुलगी कशी आहे ते आपल्याला कळायला नको? तुम्ही सगळे या एकदा. दाखवणं-बिखवणं आम्ही मानत नाही. वीजघर बघा, वरचं तळं बघा."

 तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"ट्रॉली आहे का हो अजून?" मी विचारलं.

"आहे की. रोज चालते," ती म्हणाली आणि पानातला जिलबीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "पाहुणे यायचे असले की तेवढी बंद असते."